मी रुसले नव्हते

"स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, माझ्या भावाकडे बघून. मी त्या दोघांच्या मध्ये स्ट्रेचरवर होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. "मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. इस्केमिक स्ट्रोक. बोलणं बंद झालंय ते त्यामुळे."

माझा भाऊ नंदू मासेमारीच्या बोटीचा नाखवा आहे, म्हणजे बोट त्याची आणि सुकाणूही त्याच्याच हातात. समुद्रावर ओरडून त्याचा आवाज असा झालाय की तो कानात काही सांगायला लागला तरी शेजारची चार घरं ऐकतात. तो म्हणाला, "साहेब, ही घरात पडली न्हाय, होडीत पडली न्हाय. तुमच्याच खाटेवर झोपलेली. मग कुणाला दिसली कशी न्हाय?"

डॉक्टर तरुण होते, संध्याकाळच्या पाळीला नुकतेच आलेले. त्यांचा काही दोष नव्हता. ज्यांचा होता ते एव्हाना आपापल्या घरी चहा पीत होते.

हे मी लिहिते आहे ते ज्यांचं माणूस दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी रुग्णालयात आहे आणि जे त्यामुळे निर्धास्त आहेत, त्यांच्यासाठी. "दवाखान्यातच आहे ना, मग काय चिंता?" हे वाक्य मी आजवर जितक्या लोकांच्या तोंडून ऐकलं त्या सगळ्यांविषयी माझ्या मनात आता एकच भावना आहे. ती छापण्यासारखी नाही.

मी दाखल झाले होते पित्ताशयातल्या खड्यांसाठी. दुर्बिणीची शस्त्रक्रिया. पोटाला तीनचार छोटी भोकं, दोनतीन दिवसांत घरी. माझ्या हृदयाला मात्र एक जुनी खोड आहे. तिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे तालात न आकुंचन पावता नुसते थरथरतात, त्यामुळे आत रक्त साचतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती सुटली की वर मेंदूत जाऊ शकते. म्हणून मी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेत होते. शिवाय मला रक्तदाब आहे आणि मधुमेहाची सुरुवात आहे.

शस्त्रक्रियेआधी ती गोळी बंद केली. ते बरोबरच होतं, नाहीतर रक्तस्राव झाला असता. पण ती पुन्हा कधी सुरू करायची हे ठरवणं कुणाचंच काम नव्हतं. सर्जनना वाटलं हृदयाचे डॉक्टर सांगतील. हृदयाच्या डॉक्टरांना वाटलं सर्जन विचारतील. दोघेही शिकलेले, दोघांच्याही दाराबाहेर पदव्यांची पाटी, आणि दोघांच्या मधोमध माझी गोळी पडून राहिली. त्यात मी आदल्या रात्रीपासून उपाशी, अंगात पाणी कमी, रक्तदाब घसरलेला. गुठळीला आणखी काय आमंत्रण हवं?

माझ्याविषयी थोडं सांगते, कारण पुढे जे घडलं ते त्याशिवाय कळणार नाही. आम्ही मांडव्याजवळच्या एका कोळीवाड्यातले. बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली बसून मी बी.ए.चा अभ्यास केला. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती मिळावी म्हणून आईने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावं पालथी घातली आणि नंदूने आठवीत शाळा सोडून बोटीवर पाय ठेवला. हे मी कधी विसरले नाही. या आजारपणापर्यंत मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि माइकवरून गाड्या पुकारायचे. माझं पोट माझ्या आवाजावर चालायचं.

आणि आमच्या घरात अबोला ही एक रीतच आहे. भांडण झालं की आम्ही मारामाऱ्या करत नाही, बोलणं बंद करतो. त्याचेही नियम असतात. ज्याच्याशी अबोला त्याच्याशी थेट बोलायचं नाही, पण त्याला ऐकू जाईल असं दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचं. माणूस नसेल तर मांजराशी. मांजर नसेल तर भिंतीशी.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात माझा नंदूशी अबोला सुरू झाला होता. त्याची मुलगी प्राची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि याने तिचं लग्न ठरवलं. मुलाकडचे थांबायला तयार नाहीत म्हणे. मी म्हटलं, ज्या घरात एका पोरीच्या पदवीसाठी सगळ्यांनी हाडं झिजवली त्या घरात दुसरी पोर अर्ध्यावर उठवतोस? तो म्हणाला, तू शिकलीस तेवढं बास. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही.

तरी दाखल होताना तोच सोबत आला. स्टुलावर बसला. मी सलाइनच्या खांबाकडे बघून म्हटलं, "या माणसाला सांगा, बोट धक्क्याला लागलीय, जाऊन मासळी उतरवा. इथे गर्दी नको."

तोही खांबालाच म्हणाला, "हिला सांगा, मी कुणाच्या बापाचा नोकर न्हाय. बसणार."

शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून टाके धरून बसली.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी मी पाण्याचा पेला उचलला आणि तो उजव्या हातातून सुटला. मला वाटलं, अशक्तपणा. सिस्टर आल्या, त्यांनी फरशी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "काकू, उपास झालाय ना, होतं असं." मला त्यांना सांगायचं होतं की हात माझा वाटत नाही. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "ते."

पुन्हा प्रयत्न केला. "ते. ते."

"झोपा जरा," सिस्टर म्हणाल्या आणि पडदा ओढून गेल्या.

ही जी अवस्था असते तिला अफेजिया म्हणतात. मेंदूतला भाषेचा भाग बंद पडतो. माझ्या प्रकारात ऐकलेलं बहुतेक कळतं, विचार चालू असतात, पण शब्द बाहेर येत नाही. लोकांना वाटतं जीभ जड होते. जीभ जड नव्हती. 'हात' हा शब्द मला आत दिसत होता, आणि तोंडापर्यंत आणला की तिथे भलताच शब्द उभा असायचा. माझ्या तोंडाची उजवी बाजूही खाली आली होती, पण मी उजव्या कुशीवर होते, तो गाल उशीत. आणि उशी हलवून बघण्याइतकी उत्सुकता त्या वॉर्डात कुणाला नव्हती.

मग भेटीची वेळ झाली आणि माझी माणसं आली.

रुग्णाला भेटायला येणं हा आपल्याकडे करमणुकीचा प्रकार आहे. येताना नारळपाणी आणायचं, खाटेवर बसायचं, रुग्णाला "बरी दिसतेस" म्हणायचं आणि मग त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी गप्पा मारायच्या. सुमन मावशी, आईची धाकटी बहीण, या प्रकारात वाड्यात पहिली. माझी वहिनी तिच्यासोबत होती. मावशी म्हणाली, "कशी हाय गो बाय?" मी म्हटलं, "ते."

"बघितलंस?" मावशी वहिनीला म्हणाली. "भावाचं नाव पण घेत न्हाय. 'ते' म्हणते."

वहिनी माझ्या पायाशी उभी होती. ती म्हणाली, "मावशी, माझ्याशी बोलते ओ ती. माझ्याशी अबोला न्हाय तिचा."

"तू कुणाची बायको? त्याचीच ना? मग झालं."

मी डावा हात हलवला. मी 'हात' दाखवत होते, उजवा. मावशीने माझा डावा हात धरून चादरीखाली ठेवला. "पुरे झाला राग. टाके तुटतील." आणि पडद्याबाहेर डोकं काढून तिने सिस्टरना सांगितलं, "काय न्हाय, घरातलं भांडण हाय. ती अशीच हाय पहिल्यापासून. शिकलेली ना."

सिस्टरना ते पटलं. पटणारच. एका पेशंटचं काम कमी झालं.

मी तुम्हाला सांगते, त्या दुपारी माझ्या मेंदूतल्या पेशी मरत होत्या आणि माझ्या खाटेभोवती जमलेली चार माणसं माझा स्वभाव या विषयावर बोलत होती. मावशीने माझ्या बारशापासून सुरुवात केली. तिच्यासोबत आलेल्या दोन बायकांनी आपापल्या रुसक्या नणंदा काढल्या. कुणाला मी सोडून बाकी सगळं दिसत होतं. मला मरणाची भीती फार वाटली नाही. मला भीती वाटली ती अशीच 'ते, ते' करत जगण्याची, आणि आयुष्यभर ही मंडळी माझ्या वतीने बोलत राहतील याची.

उन्हं कलल्यावर नंदू आला. मावशीने लगेच पंचायत भरवली.

"नंदू, आज तर एक अक्षर न्हाय बोलली. म्हण बाबा सॉरी. आजारी माणूस हाय."

"मी कशाला?"

"तिच्या तब्येतीसाठी म्हण. काय तुझ्या खिशातलं जातंय?"

तो मान खाली घालून म्हणाला, "बरं. पोरीचं लग्न परीक्षा झाल्यावर. तिसरं वर्ष पुरं करील. मुलाकडचे थांबले तर थांबले, न्हायतर दुसरा बघू. झालं समाधान? आता तरी बोल."

मी बोलले नाही. डोळ्यांतून पाणी आलं, तेही एकाच गालावरून ओघळलं असावं, दुसरा उशीत होता.

"अजून राग हाय," मावशी म्हणाली.

नंदू माझ्याकडे बघत होता. "न्हाय मावशी," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी आता हरलो. हरलेल्याला ही कधी सोडत न्हाय. लहानपणी गोट्यांत हरलो तरी सगळ्या वाड्यात सांगून यायची. आणि आज एवढं मोठं जिंकली नि गप्प? खांबालाही काय बोलली न्हाय?"

त्याने माझ्या डोक्याखालची उशी ओढून काढली आणि माझं तोंड बघितलं. मग माझे दोन्ही हात हातात घेतले. "बाय, दाब. जोरात दाब." डाव्याने मी दाबलं. उजवा तसाच पडून राहिला.

त्यानंतर तो जो ओरडला तो तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानात ऐकू गेला असं नंतर कळलं. सिस्टर धावत आल्या. "ओरडू नका, पेशंट झोपलेत!"

"डोळे उघडे हायेत तिचे! तुमचे मिटलेत!"

मग सगळं भराभर झालं. जे दुपारीच व्हायला हवं होतं ते. डोक्याचा सीटी स्कॅन, रक्तवाहिन्यांचा फोटो काढणारी सीटी अँजिओग्राफी, रक्तातली साखर. त्या तरुण डॉक्टरांनी समजावलं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, त्या उपचाराला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, पण माझी शस्त्रक्रिया ताजी, पोटात रक्तस्राव होण्याची भीती. म्हणून ते बाद. दुसरा उपाय थ्रॉम्बेक्टमी. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून बाहेर काढायची. त्याची सोय मुंबईत. "जितका वेळ जाईल तितका मेंदूचा भाग जाईल," ते म्हणाले. "रस्त्याने नेऊ नका. वडखळच्या नाक्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकलात तर संपलं."

मांडव्याहून गाड्या नेणारी रो-रो बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला तासाभरात लागते. नंदूने रुग्णवाहिका निघायच्या आधीच जेट्टीवर दोन फोन केले. आम्ही पोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागलेली. शनिवार-रविवार बंगल्यांवर काढून परत जाणारी मंडळी. रुग्णवाहिका पुढे घेतली तेव्हा एका मोठ्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली आणि जेट्टीवरच्या माणसाला हिंदीत सुनावलं की त्यांचं बुकिंग आधीचं आहे आणि सकाळी त्यांची मीटिंग आहे. या लोकांना आमचा समुद्र फक्त गॅलरीतून दिसायला हवा असतो. त्यात माणसं राहतात, ती आजारी पडतात, हे त्यांच्या करारात नसतं.

नंदू खाली उतरला. मला आतून त्याचा आवाज आला. "शेठ, येवढी घाई असंल तर गाडी सोड पाण्यात. धक्का समोरच हाय."

काच वर गेली.

मुंबईत गुठळी काढली. शुद्धीवर आल्यावर उजव्या हाताची बोटं हलली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, माझ्यामागून एक वाक्य म्हणायला लावलं. हात वर गेले. हसू अर्धं आलं. वाक्य आलं नाही.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "रस्त्यात कुणी कोसळला तर लोक बघतात. रुग्णालयात दाखल असलेल्याला स्ट्रोक झाला तर तो बऱ्याचदा उशिरा कळतो. गुंगी समजतात, अशक्तपणा समजतात, वय समजतात. म्हणून अशा रुग्णांचं नुकसान कधीकधी जास्त होतं." मग त्या नंदूला म्हणाल्या, "तुम्ही वेळेत ओळखलंत. उजवा हात वाचला तो त्यामुळे. बोलणं हळूहळू येईल. पूर्ण येईल असं वचन देत नाही."

खोटं वचन न देणारी ती पहिली व्यक्ती. मी त्यांची ऋणी आहे.

घरी आल्यावर दुसरी पलटण आली. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळा. अमुक गावचा बाबा फुंकर मारतो, त्याच्याकडे नऊ वाऱ्या करा. एकाने तर माझ्या जिभेवर ठेवायला कसलासा खडा आणला. मेंदूचे स्कॅन बघितलेल्या बाईला तोंडातल्या खड्याने बोलती करायला निघालेले हे लोक मतदान करतात, मुलं वाढवतात, गाड्या चालवतात. मी हाताने दार दाखवायला लवकर शिकले. सुमन मावशी मात्र रोज येऊन पायाला तेल लावायची. ती रडायची आणि पुन्हा पुन्हा सांगायची, "मला वाटलं रुसलीस." मी तिला बोलू दिलं. तिच्यावर रागावणं म्हणजे भरतीवर रागावणं.

स्पीच थेरपी, म्हणजे वाचोपचार, सुरू झाली. पन्नाशी उलटलेली, हजारो गाड्या पुकारलेली बाई 'चमचा' म्हणायला पाच मिनिटं घ्यायची. वस्तूंची नावं सगळ्यांत उशिरा येतात. आकडे घसरतात. मी पंधरा म्हणायला जाऊन पन्नास म्हणते, आणि गाड्या पुकारणाऱ्याला ते चालत नाही. मला आता खिडकीत पासचं काम दिलंय. माइक आता दुसऱ्या बाईकडे आहे. तो परत मिळेल की नाही मला माहीत नाही, आणि "मिळेल गं, पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. हा अबोलाच, यावेळी खरा.

प्राची तिसऱ्या वर्षाला आहे. नंदूने मध्येच एकदा "ते तर तुला बोलती करायला म्हटलेलं" असं चाचपून बघितलं. मी सावकाश, एकेक शब्द लावत, वहिनीला म्हटलं, "याला, सांग, शब्द, दिलाय." तो इतका खूश झाला की भांडायचं विसरला.

तुमच्या माणसाची शस्त्रक्रिया होणार असेल, हृदयाची अनियमित धडधड असेल, रक्त पातळ करणारी गोळी बंद केली असेल, तर ती पुन्हा कधी आणि कोण सुरू करणार हे नाव घेऊन विचारा. माणूस अचानक गप्प झाला, अडखळला, एका हाताने वस्तू पाडायला लागला, तोंड एका बाजूला गेलं, तर त्याच्या स्वभावावर चर्चा करू नका. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, बोलायला सांगा, आणि जमलं नाही तर ओरडा. लोक म्हणतील, गावंढळ आहेत. म्हणू द्या.

बरी झाल्यावर मी त्या रुग्णालयात गेले. नंदू सोबत होता, त्याला मी आधीच बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही. सर्जनसाहेबांनी हसून बसायला सांगितलं.

"वा, चालत आलात! पोटाचा त्रास नाही ना काही? तुमचं ऑपरेशन एकदम सक्सेसफुल झालं होतं."

मी म्हटलं, "त्या... त्या दिवशी..."

"थँक्यू वगैरे कशाला? आमचं कामच आहे ते."

मी मान हलवली. "दुपारी..."

"रिपोर्ट हवेत का? बाहेर काउंटरवर मिळतील. विम्याचं काही आहे?"

नंदू खुर्चीत हलला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला, उजवा. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर नंबर पुकारले जात होते. मी शब्द एकेक करून पुढे आणले. मध्ये दोन पडले, ते उचलून पुन्हा लावले.

"दुपारी, मी, बोलत नव्हते. तुमच्या, एकाही माणसाने, का, म्हणून, विचारलं नाही."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, खाली ठेवलं. "हे बघा, अशा केसेसमध्ये..." ते म्हणाले.

मी खुर्चीत नीट मागे टेकून बसले. मला कुठेही जायची घाई नव्हती.